एकोणसत्तर शेंगा: चौथीच्या वर्गातल्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, पुरंदर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या मुलांबरोबर आम्ही वाटाण्याच्या शेंगा फोडल्या. मुलं अठ्ठावीस. चार-चार जणांचे सात गट. प्रत्येक गटाला मोजून दहा शेंगा, म्हणजे एकूण सत्तर. तासाभराने त्या सगळ्या वर्गाच्या फरशीवर मांडून मोजल्या, तेव्हा एकोणसत्तर भरल्या.

ही हकिगत त्या एका शेंगेची आहे. प्राथमिक शाळांमध्ये 'हाताने करून बघू' या पद्धतीचे विज्ञानाचे कार्यक्रम आता बरेच जण चालवतात. साहित्याच्या पिशव्या, पुस्तिका, व्हिडिओ, सगळं भरपूर मिळतं. पण मुलाच्या हातात शेंग दिल्यापासून त्याच्या वहीत आकडा पडेपर्यंत मधे काय घडतं, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. त्या शनिवारी मला ते अगदी जवळून दिसलं. ते दिसायला माझीच एक चूक कारणीभूत झाली, म्हणून सगळं सविस्तर मांडते.

थोडी पार्श्वभूमी

आम्ही तिघी मैत्रिणी महिन्यातून एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, तिसरी-चौथीच्या वर्गांवर जातो. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला एखादा धागा पकडायचा आणि दीड-दोन तास त्यावर मुलांना काम करू द्यायचं, एवढाच कार्यक्रम. मुलं आम्हाला ताई म्हणतात. वर्गाच्या बाई पूर्ण वेळ सोबत बसतात. बसाव्यात असा आमचा आग्रहच असतो, कारण आम्ही महिन्याचा एक दिवस असतो आणि बाकीचे सगळे दिवस त्यांचे असतात.

वाटाणा निवडला त्याला कारण होतं. पुरंदरचा पावसाळी वाटाणा पुण्याच्या मार्केट यार्डात पोत्यांनी जातो. शहरात ज्याला मटार म्हणतात तो या मुलांच्या घरचा वाटाणा. तोडणीच्या दिवसांत वर्गातली निम्मी मुलं शाळेआधी नाहीतर शाळेनंतर शेतात असतात. ज्या वस्तूबद्दल मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, तिथून सुरुवात केली की वर्ग मोकळा होतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो होतो.

उद्देश साधा होता. एकाच जातीच्या झाडाला लागलेल्या शेंगासुद्धा सारख्या नसतात. त्या किती वेगळ्या असतात, आणि त्या वेगळेपणातही काही घडण दिसते का, हे मुलांनी मोजून, मांडून बघायचं. आलेख हा शब्द वापरायचा नव्हता. फरशीवर खडूने रकाने आखायचे, त्यांवर आकडे घालायचे आणि शेंगा एकावर एक रचत न्यायच्या. ज्या आकड्याच्या शेंगा जास्त, तो रकाना उंच. शेंगांचाच आलेख.

काय घडलं

सुरुवातीला मी एक शेंग उचलली, शिवणीवर अंगठा दाबला, ती टचकन उघडली आणि मुलांना दाखवली. आत सात दाणे होते. मी म्हटलं, "बघा, माझ्या शेंगेत सात निघाले. आता तुमच्या शेंगांमध्ये किती निघतात ते मोजून कागदावर लिहा." तेव्हा मला यात काहीच गैर वाटलं नाही.

पुढची वीस मिनिटं वर्ग फार सुंदर होता. ओल्या शेंगांचा वास, अंगठ्यांखाली फुटणाऱ्या शिवणी, मधेच एखादा दाणा घरंगळत बाकाखाली जायचा आणि त्याच्यामागे दोघं. दाणे काढायचे नाहीत, सालीला चिकटलेलेच ठेवायचे, असं ठरलं होतं. त्यामुळे एका मुलीच्या लक्षात एक गोष्ट आली. ती उघडलेली शेंग घेऊन उठली आणि म्हणाली, "ताई, ह्यो एक हिकडं चिकटलाय आन् पुढचा तिकडं. परत पुढचा हिकडं." खरंच होतं. वाटाण्याची शेंग शिवणीवर उघडली की दाणे दोन्ही सालींना आळीपाळीने लटकलेले दिसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी आयुष्यभर शेंगा सोलल्या आहेत आणि हे कधी पाहिलं नव्हतं. बाईंनीही नव्हतं. सगळ्या वर्गाने उघडलेल्या शेंगा पुन्हा उचलून तपासल्या. त्या दिवसाचा कार्यक्रम एवढ्यावर संपला असता तरी मी समाधानाने घरी गेले असते.

मग कागद गोळा केले आणि बाईंनी फळ्यावर एकत्र नोंद केली. कोणत्या आकड्याच्या शेंगा किती, ते रेघा मारून. सात हा आकडा २९ वेळा आला. मुलं खूश झाली. "ताई, तुमचंच बराबर आलं!" हे ऐकून मला पहिल्यांदा जरा खटकलं.

आता फरशीवर मांडणी. प्रत्येक शेंग उघडी असल्यामुळे इतर गटांतली मुलं वाकून वाकून तपासायला लागली. तशी काही योजना नव्हती, ते आपोआप झालं. "ए, हिच्यात सहाच हैत!" "न्हाय, ह्यो बारका धरून सात." "मग माझ्यात बारका धरला तर नऊ व्हत्यात!" दोन मिनिटांत भांडण पेटलं, आणि ते भांडण अगदी मुद्द्याचं होतं. शेंगेच्या टोकाला आणि देठाजवळ अनेकदा एखादा न वाढलेला, खसखशीएवढा किंवा मोहरीएवढा दाणा असतो. तो मोजायचा की नाही, हे मी सांगितलंच नव्हतं. ज्यांच्या शेंगेत सहा टपोरे आणि एक बारका होता, त्यांनी बारका धरून सात लिहिले होते. ज्यांच्या शेंगेत सात टपोरे आणि एक बारका होता, त्यांनी बारका सोडून सात लिहिले होते.

एकही मूल खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने दाणे नीट मोजले होते. फक्त जिथे जिथे शंका आली, तिथे तिथे ताईंच्या सातकडे झुकून निकाल दिला होता.

यावर नियम मुलांनीच केला. एक जण पोषण आहाराच्या खोलीतून मूठभर मूग घेऊन आला. मुगाएवढा किंवा त्याहून मोठा असेल तो दाणा, त्याहून बारका असेल तो मोजायचा नाही. प्रत्येक शंकेखोर दाण्याशेजारी मूग ठेवून निवाडा झाला. नव्या नियमाने सातच्या रकान्यात १८ शेंगा उरल्या. सहात १६, आठात १३, पाचात १०, चारात ५, नवात ५, तीनात २. मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असा एक ढीग फरशीवर उभा राहिला. कागदावरच्या नोंदीपेक्षा तो कितीतरी वेगळा दिसत होता.

आणि बेरीज एकोणसत्तर.

पोचट शेंग

एका गटाने नऊच शेंगा मांडल्या होत्या. कुणी खाल्ली असेल असं मला वाटलं आणि त्याला माझी हरकत नव्हती. मोजून झाल्यावर सगळ्या खायच्याच होत्या. पण त्या गटातला एक मुलगा खाली बघत होता. थोड्या वेळाने त्याने खिशातून शेंग काढली. चपटी, वाकडी, दोन ठिकाणी फुगलेली.

"ती पोचट हुती ताई."

मग त्याने जे सांगितलं ते मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत लिहिते. घरी तोडणी झाली की अंगणात पाल अंथरून वाटाणा ओततात. तो आणि त्याची आजी पोचट शेंगा वेचून बाजूला काढतात. त्या पोत्यात गेल्या तर मार्केटला पोतं फोडल्यावर व्यापारी भाव पाडतो, असं त्याचे आण्णा सांगतात. म्हणून त्याने इथेही ती बाजूला काढली. त्याच्या हिशेबी त्याने काम बिघडवलं नव्हतं, उलट माल निवडून चांगला केला होता.

मला हे ऐकून फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्या मुलाबद्दल आदरही वाटला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या घरच्या धंद्याची एवढी समज होती, आणि ती समज आमच्या प्रयोगात नेमकी उलट्या दिशेने काम करत होती. बाजारासाठी निवडताना पोचट शेंग टाकून द्यायची असते. निसर्गाकडे बघताना तीच शेंग सगळ्यात जपून ठेवायची असते. हा फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता. मी तर नाहीच.

बाई त्याला रागावणार होत्या. त्यांना खुणेने थांबवून मी त्याला म्हटलं, ही शेंग तूच तुझ्या हाताने मांड. दोनचा रकाना रिकामा होता. त्याने तिथे ती एकटीच ठेवली. लगेच पाच-सहा डोकी तिच्यावर वाकली. दोन टपोरे दाणे, आणि मधे मधे बारके, मुगापेक्षा कितीतरी लहान. एका मुलाने टोकदार पेन्सिलीने ते मोजले. पाच. "म्हंजी जागा सातच हुत्या ताई. पाचांनी धरलंच न्हाय."

पूर्ण सकाळभरात याहून चांगलं वाक्य कुणी बोललं नाही. आपण ज्याला शेंगेतला बारका दाणा म्हणतो, ती दाण्याची जागा असते. फुलात परागकण पोहोचून ती फळली, आणि पुढे तिला पोषण मिळत राहिलं, तरच दाणा भरतो. नाहीतर ती जागा तशीच राहते. हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. का धरलं नसेल, एवढंच विचारलं. "पाणी कमी पडलं आसंल." "फुलात पाऊस लागला आसंल." "ती झाडाच्या शेंड्याची शेंग आसंल." शेतकऱ्यांची मुलं, त्यामुळे उत्तरं थेट शेतातून आली, आणि त्यांतलं प्रत्येक तपासून बघण्यासारखं होतं. बाईंनी ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली.

हा झुकाव मुलांपुरता नाही

परतीच्या वाटेवर गाडीत आमची चर्चा चालली होती, आणि वाटाण्यामुळे साहजिकच मेंडेलची आठवण निघाली. ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात ब्रनोच्या मठात वाटाण्याची झाडं वाढवून, दाणे मोजून आनुवंशिकतेचे नियम शोधले. त्याच्या एका प्रयोगात ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे आले. जवळजवळ तीनास एक. पुढे १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी मेंडेलचे सगळे आकडे तपासले आणि ते अपेक्षेशी जरा जास्तच चांगले जुळतात असं दाखवलं. काय यायला हवं हे ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाने ते तसे जुळवले असावेत, अशी शक्यता त्यांनी मांडली. त्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. मेंडेलच्या नियमांना त्याने काही धक्का लागला नाही. पण अर्धवट सुरकुतलेला दाणा कोणत्या वाटीत टाकायचा, हे ठरवताना मोजणाऱ्याचा हात कुठे झुकतो, हा प्रश्न आमच्या फरशीवर पडलेल्या बारक्या दाण्यांचाच होता. चौथीच्या मुलांकडून झालेली गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात इतक्या वर नेऊन ठेवता येते, याने मला धीर आला.

होशंगाबादने काय केलं होतं

या प्रसंगाचं उत्तर शोधताना मी पुन्हा होशंगाबादकडे वळले. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, जो आता नर्मदापुरम म्हणून ओळखला जातो, सोळा सरकारी शाळांत सुरू झाला. रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेले अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती, या दोन संस्थांनी तो उभा केला. मुंबईच्या टीआयएफआरमधले आणि नंतर दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ येऊन गावातल्या शिक्षकांबरोबर बसले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत, म्हणजे तिथल्या सहावी ते आठवीच्या वर्गांत, गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला.

महाराष्ट्रात आपल्याला होशंगाबाद बहुतेक अरविंद गुप्ता यांच्यामुळे माहीत आहे. पुण्यातल्या टेल्कोतून, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधून, १९७८ मध्ये ते तिकडे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या जोडून केलेले त्रिकोण, चौकोन, घनाकृती तिथेच जन्मल्या. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातून ती खेळणी घराघरांत पोहोचली. आमच्या पिशवीतल्या निम्म्या वस्तू त्या परंपरेतल्या आहेत. त्याबद्दल मी कायम कृतज्ञ आहे. पण खेळणी हा होशंगाबादचा एक भाग होता, आणि आपल्याकडे तेवढाच आला, असं मला आता तीव्रतेने वाटतं.

दुसरा भाग असा. 'बाल वैज्ञानिक' ही त्यांची पाठ्यपुस्तकं. त्यांत प्रयोग आहेत, प्रश्न आहेत, उत्तरं नाहीत. चार मुलांची एक टोळी प्रयोग करते, आलेला आकडा मूल स्वतःच्या वहीत लिहितं, मग सगळ्या टोळ्यांचे आकडे फळ्यावर एकत्र येतात आणि ते वेगळे का आले यावर चर्चा होते. मोजण्यातली घटबढ हा तिथे स्वतंत्र शिकायचा विषय होता. नाणी आणि फासे टाकून संभाव्यता शिकवणाऱ्या पाठात तर मुलं शेकडो वेळा नाणं उडवतात, कारण एकट्याच्या दहा उडवण्यांत काहीच ठरत नाही. तिथे छापा दहापैकी आठ वेळा आला तर तो 'चुकीचा' नसतो. तो फळ्यावर जातो.

आणि परीक्षा! लेखी परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवून बसायचं. जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा. म्हणजे मुलाने वर्षभर वहीत जे खरं लिहिलं, तेच परीक्षेत त्याच्या उपयोगी पडणार. कोरी किंवा कुणाची बघून उतरवलेली वही शेवटी अडचणीत आणणार. आकडा खरा लिहावा, असा उपदेश करायची वेळच येत नाही. खरा आकडा लिहिणं मुलाच्या फायद्याचं होऊन जातं.

शिक्षकांसाठीही असंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवड्यांची प्रशिक्षणं व्हायची, आणि त्यांत शिक्षक स्वतः टोळ्या करून तेच प्रयोग करायचे, त्यांचेही आकडे वेगळे यायचे, तेही भांडायचे. पुढे वर्षभर मासिक बैठका. वर्गात ज्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही असा प्रश्न निघाला तर मुलांनी 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्र लिहायचं, आणि त्या पत्राला खरोखर उत्तर यायचं. 'मला माहीत नाही' असं म्हणणाऱ्या शिक्षकाच्या मागे एवढी माणसं उभी होती. आमच्या बाईंच्या मागे महिन्यातून एकदा येणाऱ्या आम्ही तिघी. हा फरक लपवण्यात अर्थ नाही.

हा सगळा डोलारा तीस वर्षं सरकारी शाळांत चालला. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. सगळ्या राज्यात एकच पुस्तक असावं, वेगळं शिकणारी मुलं पुढच्या वर्गांत मागे पडतात, असे आक्षेप होते. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. त्याचं मला आजही दुःख आहे, आणि ते दुःख वाटून घेणारी माणसं महाराष्ट्रात फार भेटत नाहीत याचंही.

पुढच्या फेरीत आम्ही काय बदललं

पुढच्याच शनिवारी दुसऱ्या शाळेत हाच प्रयोग होता. या वेळी मी शेंग फोडून दाखवली नाही. आकडा तर उच्चारलाच नाही. मोजण्याआधी बारक्या दाण्याचा प्रश्न उघड मांडला, मूग हाताशी ठेवले आणि नियम मुलांकडून करून घेतला. सहा गट, साठ शेंगा. आणि एक नवं वाक्य: "सगळ्यात विचित्र शेंग ज्या गटाकडे असेल, त्याने ती पहिल्यांदा मांडायची." या वेळी कागद आणि फरशी यांत चारच शेंगांचा फरक पडला, आणि तोही साध्या मोजण्याच्या चुकांचा. शाळा वेगळी, मुलं वेगळी, त्यामुळे यातून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण मुलं या वेळी पोचट शेंगांसाठी झोंबली. एका गटाने तर टोपलीतून आपल्या शेंगा उचलताना मुद्दाम वाकड्या निवडायला सुरुवात केली, आणि त्यामुळेही आलेख बिघडतोच! त्यावर एक मुलगा म्हणाला, डोळे मिटून उचला. याहून चांगला उपाय मलाही सुचला नसता.

पहिल्या शाळेतल्या बाईंचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "ताई, मुलं रमली, सगळं छान झालं. पण मी याचे गुण कुठे देऊ?" हा प्रश्न तक्रार म्हणून घेऊ नये. चाळीस नोंदवह्या भरणाऱ्या बाईंचा तो खरा प्रश्न आहे, आणि कार्यक्रम चालवणारे आपण लोक तो बहुधा टाळतो.

उत्तर त्यांच्याच कपाटात निघालं. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक किंवा प्रयोग आहे, उपक्रम आहे, आणि छोट्या चाचणीच्या खाली पुस्तकासह चाचणीही आहे. होशंगाबादच्या परीक्षेची एक लहानशी फांदी आपल्याच कागदांत होती, फक्त तिचा वापर कुणी करत नव्हतं. बाई आणि मी मिळून सत्र संपायच्या आधी वही उघडी ठेवून द्यायची एक चाचणी तयार केली. तिच्यातला एक प्रश्न असा होता:

एका गटाने दहा शेंगांतले दाणे असे लिहिले: ७, ७, ७, ७, ७, ७, ७, ७, ७, ७. दुसऱ्या गटाने असे लिहिले: ५, ८, ६, ७, ३, ७, ९, ६, ८, ६. कोणत्या गटाने शेंगा खरंच फोडल्या असतील? तुला असं का वाटतं?

अठ्ठावीसपैकी दोन मुलांनी पहिला गट निवडला, कारण त्यांचं 'नीटनेटकं' होतं. बाकीच्यांनी दुसरा. कारणं वाचताना बाई मधेच थांबून मला वाचून दाखवत होत्या. एकीने लिहिलं होतं, "पहिल्या गटाने एकाच शेंगेचे दाणे दहा वेळा मोजले असतील." एकाने, "आमच्यात पण सात आलते पण सगळे नाय." आणि पोचट शेंगवाल्या मुलाने एवढंच, "दुसऱ्या गटाने तीनवाली टाकून दिली नाही."

बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे स्वतःच्या शब्दांत लिहिलं: वेगळी दिसलेली गोष्ट नोंदवतो.

डिसेंबरात

वाटाण्याचा हंगाम संपला, तूर आली. बाईंनी आमची वाट न बघता, आपल्या आपण, तुरीच्या शेंगांवर तोच प्रयोग लावला आणि आम्हाला नंतर कळवलं. आम्ही गेलो तेव्हा मागच्या भिंतीवर मोठा कागद होता. एक ते सहा असे रकाने, आणि प्रत्येक शेंग डिंकाने चिकटवलेली. तुरीत दाणे कमी, त्यामुळे ढीग अरुंद, आणि सगळ्यात उंच रकाना चारचा.

आमच्यासमोरच तो मुलगा एक शेंग घेऊन आला. शेंगेला एक गोल भोक होतं. आत शेंगा पोखरणाऱ्या अळीची विष्ठा आणि पोकळ जागा. दाणा एकही नाही. पण आतल्या भिंतीवर चार खाचा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे चार दाणे भरले होते आणि मग खाल्ले गेले होते.

"हिला चारात लावू का शून्यात?" त्याने विचारलं. शून्याचा रकानाच नव्हता.

वर्गात दोन तट पडले. झाडाने चार दिले होते, म्हणून चार. आपल्या हाती एकही नाही आला, म्हणून शून्य. अर्धा तास हे चाललं, आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं होतं. शेवटी बाईंनी कागदाच्या डाव्या कडेला एक पट्टी जोडली, तिच्यावर ० लिहिलं आणि शेंग तिथे चिकटवली. मग त्या मुलाने खडू मागितला, पण कागदावर खडू उठेना, म्हणून पेन्सिलीने शेंगेच्या खाली लिहिलं: झाडाचे ४, अळीचे ४, आमचे ०.